धरणातला देवमासा

"नाटकातला देवमासा काढून टाका," राजेंद्र सर म्हणाले. "बाकी नाटक राहू द्या. तेवढा देवमासा काढा."

रविना शाळेच्या व्हरांड्यात बसून ठिबकच्या जुन्या नळ्या वाकवत होती. त्या देवमाशाच्या फासळ्या. शेजारी उसाच्या ट्रॉलीवरची फाटकी काळी ताडपत्री पडली होती, ती त्याची कातडी. मैदानात मंडपवाला खुर्च्या उतरवत होता. दुपारी स्नेहसंमेलन होतं आणि तालुक्याहून साहेब येणार होते.

"का काढू, सर?"

"अहो मॅडम, देवमासा समुद्रमा ऱ्हास ना! धरणमा कथाईन उना तो?" मुख्याध्यापक मूळचे शहाद्याकडचे. चिडले की त्यांची शाळेतली मराठी सुटायची; समुद्रात राहणारा देवमासा धरणात कुठून आला, असं ते तिकडच्या बोलीत विचारत होते. "पोरं उद्या पेपरात तेच लिहितील. साहेबांनी विचारलं तर मी काय सांगू? मगर करा. मगर चालते."

"मगर नको."

"मग नुसता मोठा मासा म्हणा."

"नाही, सर. देवमासाच आहे तो."

तळोद्याजवळच्या या वसाहतीतली सगळी माणसं नर्मदेकाठच्या एकाच गावची. धरणाचं पाणी चढलं, गाव बुडालं आणि ती डोंगरातून इथं सपाटीवर आली. रविना इथंच जन्मली. तिनं गाव पाहिलं नव्हतं, आणि ज्यांनी पाहिलं होतं ते बोलत नव्हते. तिचा आजा आमश्या तर गावाचं नावही तोंडातून काढत नसे. तिच्या नाटकात एक देवमासा समुद्रातून नदीनं उलटा पोहत येतो आणि त्या बुडालेल्या गावात राहू लागतो.

"मध्ये धरणाची भिंत आहे," सर म्हणाले. "ती कशी ओलांडली त्यानं?"

"ते मला नाही माहीत. गाव रिकामं ठेवायचं नाही, एवढं माहीत आहे."

सरांनी मंडपवाल्याकडे एकदा पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही मानधनावर आहात. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, ते साहेबच ठरवतात. लक्षात आहे ना?"

"आहे," रविना म्हणाली आणि तिनं पकडीनं फासळीची तार आणखी एक पीळ घट्ट केली.

दुपारी मंडप भरला. देवमाशाचा जबडा मुलांना पेलेना, म्हणून रविना स्वतःच डोक्याच्या भागात शिरली. मागं ताडपत्रीखाली मुलं वाकून उभी राहिली. सगळ्यांत पुढे मयूरी, बाईंच्या कमरेला घट्ट धरून.

रंगमंचावर फ्रिज-टीव्हीच्या खोक्यांचं गाव मांडलं होतं. देवमासा आत आला आणि त्याची शेपटी मंडपाच्या दोरीत अडकली. लोक हसले. कुणीतरी शिट्टी मारली. साहेब हसत हसत राजेंद्र सरांच्या कानाला लागले, आणि सरांनी मान खाली घातली. जबड्याच्या फटीतून रविनाला हे सगळं दिसत होतं.

"हसू द्या," ती मागं पुटपुटली. "चालत राहा."

देवमासा घराघरांमधून फिरू लागला. तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून आमश्या काठी टेकत उठला. कुणीतरी त्याचा सदरा ओढला. त्यानं तो हात झटकला आणि तो सरळ रंगमंचावर आला. सर खुर्चीतून अर्धवट उठले, पण तसेच थांबले.

आत नात आहे हे आमश्याला ठाऊक नव्हतं. त्यानं ताडपत्रीच्या जबड्यावर तळवा ठेवला आणि घरच्या बोलीत विचारलं, "तू तिथं राहतोस?"

हसणं थांबत आलं.

"मॅडम," मयूरी कुजबुजली, "हे आपल्या नाटकात नाहीये."

रविना जबड्याच्या फटीशी सरकली. तिनं आवाज जाड केला आणि त्याच बोलीत उत्तर दिलं, "राहतो."

"नदीकडच्या टेकाडावर एक घर आहे. मागं मोहाचं झाड."

"आहे."

"त्या घरात जातोस?"

आज्याचं ते घर तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं त्याबद्दल एक शब्दही आजवर काढला नव्हता. आता नाही म्हटलं तर तो वळेल, सतरंजीवर जाऊन बसेल आणि पुन्हा कधीच विचारणार नाही.

"रोज जातो," ती म्हणाली.

आमश्यानं तळवा वर नेत जबड्याची उंची पाहिली.

"मग वाकून जात जा," तो म्हणाला. "दार ठेंगणं आहे. डोकं लागतं."

रविनानं मागं हात नेऊन मयूरीचा खांदा दाबला. "खाली बसा. सगळे, हळूहळू." नळ्या करकरल्या. एवढा मोठा देवमासा गुडघ्यागुडघ्यानं वाकत गेला.

"अजून," आमश्या म्हणाला. दारातून सरावं तसा तो एका बाजूला झाला आणि त्यानं काठीनं वाट दाखवली. "अजून थोडं. हां... आता ये."