पिशवीच्या खाली

पिशवी उचलली आणि तिला मळमळून आलं. कचरा तर हातात होता, मग वास अजून बादलीतूनच कसा? बाथरूममधल्या कचऱ्याच्या बादलीला लायनर, म्हणजे आतली पिशवी, घालायचं काम सासूबाईंचं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. आज त्यांचा डोळा लागला होता, म्हणून ही आत शिरली.

सासरे प्रवासी बोटीवर, लायनरवर होते, केबिनी झाडायचे. पुढची पिशवी चालू पिशवीच्या खालीच ठेवायची, ही त्यांची बोटीवरची शिस्त ते गेल्यावरही घरात चालू होती. तिने नाक दाबून तळाशी हात घातला. कोऱ्या पिशव्यांऐवजी हाताला लागलं काहीतरी ओलं, लिबलिबीत, रद्दीच्या कागदात गुंडाळलेलं. एकावर एक पुरचुंड्या. एकीचा कागद फाटला आणि लघवीचा उबट, आंबूस भपकारा थेट टाळूला जाऊन भिडला. शिसारी अशी आली की डोळ्यांत पाणी येऊन आयलायनर गालावर ओघळला.

म्हणजे हे होतं तर! "पोराचं नीट धूत नाहीस गं, म्हणून घर घाण मारतं," असं येताजाता ऐकवत होत्या. चोर तो चोर, वर शिरजोर! नवरा तर म्हणालाच होता, "आईचं असलं काही सुरू झालं, तर वृद्धाश्रम. मी चौकशी करून ठेवलीय." आता एक पुरचुंडी नुसती त्याच्या नाकासमोर धरायची, की झालं.

तिने चिमटीत ती फाटलेलीच उचलली. आणि थबकली.

आत बाळाच्या लंगोटात घालायचे पातळ लायनर होते. थरावर थर ठेवून कडेने धावदोरा घातलेला. बारीक, एकसारखा. हल्ली सासूबाई खिडकीशी पाठमोऱ्या बसून शिवायच्या. काय शिवताय विचारलं, की म्हणायच्या, "बाळाचं टोपडं." टोपडं काही बाळाच्या डोक्यावर आलं नव्हतं.

वास तसाच होता. किळसही तशीच.

"काय मेलंय इथे?" नवरा दारात, नाकावर रुमाल. "आईचं आहे ना हे? खरं सांग."

त्याच्या मागे भिंतीला धरून सासूबाई उभ्या होत्या. पांढऱ्याफटक.

तिने पुरचुंडी परत बादलीत टाकली. "माझं आहे. बाळंतपणापासून होतंय, थांबत नाही. आता दवंडी पिटू का?"

तो कानापर्यंत लाल झाला. सासूबाईंनी त्याला कोपराने बाजूला सारलं. "बायकांच्या गोष्टीत कसलं नाक खुपसतोस? हो बाहेर!"

दार लोटून त्या आत आल्या. बादलीकडे बघत राहिल्या. तिच्याकडे मात्र बघवेना. मग नेहमीच्या चढ्या आवाजात, बाहेर नीट ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"असलं अंगावर काढू नये गं पोरी. उद्याच डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. मी येते ना बरोबर."