खरी ऑगस्टा फेनविक

"ही ती नव्हे," मेव्हिस ओल्ड्रॉइड कुजबुजली.

वर गॅलरीतून चेहरे धड दिसत नव्हते. शेजारी बसलेल्या जॉइसने पेपरमिंटची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "कोण नव्हे?"

"ही ऑगस्टा फेनविक नव्हे. दुसरीच कुणीतरी उभी केलीये."

मागून कुणीतरी 'शूऽऽ' केलं. दोघी गप्प बसल्या. रंगमंचावरच्या बाईला खाणीत नवरा मेल्याची बातमी कळली होती. हातातली लोण्याची सुरी टाकून ती गुडघ्यांवर कोसळली आणि हमसून हमसून रडू लागली. लीड्सच्या प्रेक्षकांनी रुमाल काढले. पडदा पडला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. मेव्हिसचे हात मात्र मांडीवरून हलले नाहीत.

मध्यंतरात तिचं आइस्क्रीम वितळून गेलं.

"सत्तावीस वर्षं झाली गं," जॉइस म्हणाली. "माणूस बदलतं. माझा नवरा तरी कुठे ओळखतो मला! तक्रार करतो का बिचारा?"

"चेष्टा नको. हॅलिफॅक्सला हेच नाटक पाहिलंय मी. हाच प्रसंग. तेव्हा ती रडली नव्हती."

ही हकीकत जॉइसला तोंडपाठ होती. बासष्ट साली मेव्हिसची आई वारली. अकरा दिवस पोरीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. गिरणीतल्या बायका तिला दगड म्हणू लागल्या. मग एका दुपारी ती एकटीच नाटकाला गेली. पोचली उशिरा, बसली अगदी वर, गॅलरीत. नवरा गेल्याचं ऐकूनही ती मंचावरची बाई पावाला लोणी लावतच राहिली. डाव्या हाताने, सावकाश. एकाच तुकड्याला तिने दोनदा लोणी लावलं. बसमधून घरी येईपर्यंत मेव्हिस रडत होती.

तेव्हापासून ऑगस्टा फेनविक तिची झाली. कात्रणांच्या चार वह्या भरल्या. एकूण एक सिनेमा तिने पाहिला. सिनेमात ती दुपार पुन्हा कधी भेटली नाही, पण त्यात ऑगस्टाचा काय दोष? कॅमेऱ्यालाच अक्कल नाही, असं मेव्हिस म्हणायची. एकदा समोर उभं राहून त्या बाईचे आभार मानायचे, एवढीच तिची इच्छा होती. आणि आज, पुन्हा त्याच भूमिकेत, ही भलतीच!

"बदली नटी असली तर नाटकाच्या पुस्तिकेत चिठ्ठी घालतात ना?" जॉइस म्हणाली.

मेव्हिसने पुस्तिका उलटी करून झटकली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने ती विकत घेतली होती. हॅलिफॅक्सला तेवढी ऐपत नव्हती. आत चिठ्ठी नव्हती.

"बघ! कळूच द्यायचं नाहीये त्यांना. कुठेतरी पाणी मुरतंय."

नाटक सुटल्यावर ती तडक मागच्या दाराशी गेली. जॉइस धापा टाकत मागोमाग. दारात साठीची, बारीक चणीची एक बाई उभी होती, गळ्यात शिवणाची टेप.

"मी नोरा. बाईंचे कपडे सांभाळते. आज त्या कुणाला भेटत नाहीत."

"भेटतील कशा? आत असल्या तर ना!"

"म्हणजे?"

"मी हॅलिफॅक्सला पाहिलंय त्यांना, बासष्ट साली. लोणी लावत होत्या. डाव्या हाताने. आज या बाईने सुरी उजव्या हातात धरली. लोकांना फसवायचं तर निदान नीट तरी फसवा!"

नोराने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "एवढं लक्षात आहे तुमच्या?"

"विसरण्यासारखं होतं का ते?"

"खूप वर्षं झाली, बाई. घरी जा. बस चुकेल तुमची." आणि तिने डावा हात आडवा घालून दार अडवलं.

"तुम्हीही त्यांतल्याच! थोर नटीच्या नावावर दुसरीच खपवता. लाज नाही वाटत?"

नोरा लाल झाली. जॉइस मेव्हिसची बाही ओढत राहिली.

तेवढ्यात आतून आवाज आला. "काय गोंधळ आहे, नोरा?"

तो आवाज मेव्हिसने हजार वेळा ऐकला होता. तिच्या कात्रणांतली हनुवटी, हनुवटीखालचा तीळ, सगळं दोन हातांच्या अंतरावर उभं होतं. संशयाला जागाच नव्हती. ही ऑगस्टा फेनविकच होती.

मेव्हिस शरमेने अर्धी झाली. तरी सत्तावीस वर्षं साठवलेलं तिने बोलून टाकलं. आई, ते अकरा दिवस, तो पाव. "त्या दुपारी तुम्ही मला वाचवलंत," ती म्हणाली. "तेवढंच सांगायचं होतं. मी तुमचे उपकार विसरले नाही."

ऑगस्टा फेनविकने कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. मग ती हसली, अगदी मोकळं.

"हॅलिफॅक्स? अहो, तिथे माझा घसा बसला होता. आठवडाभर हॉटेलात गरम पाणी पीत पडून होते मी," असं म्हणत तिने नोराच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या जागी ही उभी राहिली होती."