मधली पांढरी पट्टी

पुलावर थांबलेली बस.

मनगटापाशी तडकलेलं निळं कवच.

रिकामी बस, दार उघडं.

पाणी.

पुलाखाली एक माणूस, दोन्ही हात वर.

खिडकीतून खाली वाकून बघणारी म्हातारी.

सोडलेले हात.

पाण्यावर एकटा हातमोजा.

मुरारीने पुस्तक मिटलं आणि चष्मा काढून कॉटवर ठेवला. "हा असा न्हाई," तो म्हणाला.

"कोण?" तनुजाने लॅपटॉपवरून मान वर केली. हिंजवडीच्या कंपनीचं काम ती आज घरून करत होती.

"नीलकवच. सगळी माणसं पाण्यात गेल्यावर हा पुलाखाली येतोय. वर एक म्हातारी राहिलीय, ती बघतीय, आन् तिच्या डोळ्यांदेखत हा हात सोडून देतोय." त्याने पुस्तक लेकीकडे सरकवलं. "पाच सिनेमे बघितलेत मी ह्याचे. कधी केलंय व्हय ह्यानं असं?"

पाचवा सिनेमा पुलाला तडा जाताना संपला होता. सहावा दोन वर्षांनी येणार होता. चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मुरारी पहिल्या सिनेमापासून नीलकवचच्या गोष्टी सांगत आला होता, आवाजांसकट. आता महिनाभर अख्खी बस त्या पुलावर अडकून पडली होती. मागच्या सीटवरचा कोंडीराम रोज विचारायचा, "मुरारीभाऊ, बुडाला का तुझा निळ्या?" शेवटी तनुजाने सांगितलं, सिनेमे ज्या चित्रकथांवरून काढतात त्यात पुढचं सगळं असतं. पहिल्या अंकापासून धरायची गरज नाही, पुलाचा अंक घ्यायचा. तिनेच तो हिंदीतून मागवला. आणि काल बसमध्ये मुरारी बोलून बसला होता: उद्या पुढचं सांगतो.

बस सव्वादोनला मोशीच्या चौकात यायची. दीड वाजला होता.

"हे सांगू मी त्यांना?" मुरारी म्हणाला.

"मला वाचून दाखवा बरं."

"वाचायला काय हाय? ह्या पानावर एक अक्षर न्हाई. नुसती चित्रं."

"मग बोट ठेवून दाखवा."

त्याने पान पुन्हा उघडलं. बोट बसवर टेकलं. तिथून सरळ खाली मनगटावर. खाली रिकाम्या बसवर. खाली पाण्यावर. मग उचलून उजव्या रांगेच्या डोक्यावर.

"आप्पा, खाली कुठं चाललात?"

"मग कुठं जाऊ? डावी रांग उतरल्याबिगर उजवीला हात लावायचा न्हाई. लाइनीवर मधूनच दुसऱ्या रांगेत घुसला, तर ब्रेक उलटा बसतोय."

चाकणच्या कारखान्यात गाड्या जोडायच्या लाइनीवर प्रत्येक स्टेशनला, म्हणजे कामाच्या जागेला, चित्रांचा फलक असतो; तो एकेक रांग वरून खाली वाचायचा. एकोणीस वर्षं मुरारी तेवढंच वाचत आला होता.

तनुजा हसली नाही. "इथं आडवं जायचं, आप्पा. डावं, उजवं, मग खालची ओळ."

"असं व्हय." त्याने चष्मा पुन्हा लावला.

बस. वर केलेले हात. तडा. म्हातारी. रिकामी बस. सोडलेले हात. पाणी. हातमोजा.

 

एक पन्नास.

"उतरवली," मुरारी म्हणाला. "सगळी उतरवली. मग पूल सोडला."

"हो."

"पण उतरताना दाखवलीच न्हाईत." त्याने म्हातारीच्या चौकटीखालच्या पांढऱ्या पट्टीवर नख ठेवलं. "हितं उतरली."

"ते आपण समजायचं."

"ती म्हातारी बसच्या पायऱ्या उतरायची म्हंजे किती वेळ. तवर हा धरून." नख पट्टीवरून हललं नाही. "आमच्याबी फलकावर असंच हाय. पाना लावलेला दाखवतेत, मग एकदम पिवळी खूण केलेला नट. पिळायचं ते मधी. ते माणसानं करायचं असतंय."

"सिनेमात हेच दहा मिनिटं चाललं असतं."

"हितं जास्त वेळ लागतोय," मुरारी म्हणाला.

त्याने पान डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. "पाणी बघ. तीन रेघा हायेत नुसत्या, आन् थंड लागतंय. हातमोजा बघ. आत हात न्हाई, तरी बोटं वळलेली. धरलेलंच हाय अजून त्यानं." त्याने विचारलं, "कोण काढतं गं हे?"

"नाव असेल पहिल्या पानावर."

त्याने पहिलं पान उघडलं. नावाखाली बोट धरून, या वेळी आडवं, सावकाश वाचलं. मग मान हलवली, ओळखीचा माणूस दिसल्यावर हलवावी तशी.

"आन् हा मेला का?"

"ते पुढच्या अंकात."

"मग कोंडीरामला थांबू दे." तो उठला. डबा पिशवीत टाकला.

"पुस्तक न्या की. दाखवा त्यांना."

"नको. कालवण सांडलं म्हंजे?" त्याने पुस्तक टीव्हीवर ठेवायला नेलं, टीव्ही फारच पातळ होता, म्हणून कपाटात इस्त्रीच्या कपड्यांवर ठेवलं. "आज तोंडी सांगतो. पट्टीत काय झालं ते त्यांचं त्यांना करू दे."

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून चौक दिसतो. बस आली, मुरारी चढला, दार लागलं. सगळ्या खिडक्यांमधली डोकी एका बाजूला वळली. बसच्या मधोमध मुरारी उभा होता, दोन्ही हात वर. बसने वळण घेतलं तरी त्याने ते खाली घेतले नाहीत.

लाइनीवर मुरारीच्या स्टेशन सातच्या फलकावर फोटो लागले ते दोन हजार चौदा साली. त्याआधीची बारा चित्रं मुरारीने हाताने काढलेली होती.