बूट काढायची जागा

"पुढं बाई शिकवतात आणि मागं पोरं कुस्ती खेळतात. अशा शाळेत मी रित्सुला घालू?" मिहोकोनं भाताचं भांडं आदळलं.

"हळू," कात्सुया म्हणाला. घरात मोठा आवाज झाला की तो हे म्हणायचाच.

"हळू काय हळू! डोंगरावरच्या शाळेला शनिवारपर्यंत हो की नाही कळवायचंय. पोरगं परीक्षा देऊन पास झालंय. आणि तू त्याला नगरपालिकेच्या शाळेत ढकलतोयस."

"चांगली शाळा आहे ती. आमच्या वेळी..."

झालं सुरू. पटांगणातलं कापराचं झाड. सकाळी मुलं आपापल्या कुंडीला पाणी घालायची. दुपारी शाळेच्या जेवणातल्या करीचा वास आला की समजायचं, आज शुक्रवार. जाडा तोशी शर्यतीत नेहमी शेवटी यायचा, तरी सगळी शाळा त्याच्याच नावानं ओरडायची.

"तू? आणि ओरडायचास?"

"मनातल्या मनात," कात्सुया हसला.

रित्सु घास हातात धरून ऐकत होता. मिहोकोला तेच नको होतं.

मासळीच्या दुकानात शेजारच्या हिगाशिदेसान: "आमच्या थोरलीच्या वर्गावर एका वर्षात तीन बाई बदलल्या. एक तर रडत गेल्या. तुमचा मुलगा हुशार आहे हो, वाया नका घालवू."

सलूनमध्ये मालकीण, मिहोकोचे केस कापता कापता: "वाया? माझे दोघं तिथंच शिकले. भांडतात, रडतात, उद्या परत गळ्यात गळे. डोंगरावरची पोरं शेजाऱ्याला ओळख तरी दाखवतात का?"

परत मासळीचं दुकान. "सलूनवाली तसं म्हणणारच. तिच्या पोरांना दुसरीकडे घेतलं असतं कुणी?"

मिहोको हसली. सलूनमध्येही ती हसलीच होती.

सासू या वादात पडली नाही. फुजिए रविवारी आली, संत्रं सोलत बसली. शाळेचा विषय निघाला तशी सोललेली फोड तिच्या हातातच राहिली. सासऱ्यांबद्दल घरात कुणी बोलत नसे. त्यांनी हिच्या बरगड्या मोडल्या होत्या, आणि तान्ह्या कात्सुयाला घेऊन ही या गावात पळून आली, एवढंच मिहोकोला ठाऊक होतं. त्या माणसाला पत्ता लागू नये म्हणून कित्येक वर्षं तिनं दारावर नावाची पाटीसुद्धा लावली नव्हती.

"आई, तुम्हीच सांगा, कशी होती यांची शाळा?"

फुजिएनं मुलाकडे पाहिलं. मुलगा चहाच्या पेल्यात बघत होता.

"कुठंही घाला," ती म्हणाली. "नाव तेवढं वेळेवर घाला."

ती गेल्यावर मिहोको फॉर्म भरायला बसली. घरातले सगळे फॉर्म तीच भरायची. कात्सुयाचं अक्षर दुसरीतल्या पोरासारखं होतं.

"तुझा एक वर्गातला फोटो दाखव. एक."

"राहिला नाही."

"लग्नाला शाळेतला एक मित्र नव्हता तुझा."

"पांगले सगळे." मग तो म्हणाला, "शुक्रवारी पालकांना शाळा बघायला बोलावलंय. एकदा बघ. तरी नको वाटली तर डोंगरावरची. मी परत विषय काढणार नाही."

शुक्रवारी त्यानं दोनदा दाढी केली. बुटांना पॉलिश केलं. रस्त्यात रित्सुच्याही पुढं पुढं चालत होता.

फाटकाच्या आत कापराचं झाड होतं. वाफ्याशी कुंड्या होत्या. मिहोकोला वाटलं, निदान एवढं तरी खरं.

दारातल्या बुटांच्या कपाटांपाशी पालकांची दाटी होती. जो तो पिशवीतून आपापल्या सपाता काढत होता. कात्सुया त्यांच्यामधून सरळ पुढं गेला, पायरी चढला आणि चकचकीत लाकडी जमिनीवर उभा राहिला.

बुटांसकट.

"काका, बूट!" एक चिमुरडी किंचाळली. पोरं खिदळली. हिगाशिदेसाननं तोंडावर हात धरला.

कात्सुया कानापर्यंत लाल झाला. सपाता त्यानं आणल्याच नव्हत्या. तो नुसत्या मोज्यांवर चालू लागला.

"बाबा, पहिलीचा वर्ग कुठंय?"

त्यानं डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे. मग एका दाराला हात घातला. आत झाडू आणि बादल्या होत्या.

रित्सु पुढं वर पळाला तशी मिहोकोनं कात्सुयाला जिन्यात गाठलं.

"तू या शाळेत शिकलाच नाहीस."

तो मोज्यांवरची धूळ झटकू लागला.

"सहा वर्षं इथं काढलेल्या माणसाला बूट कुठं काढायचे ते ठाऊक नाही? सगळ्या बायकांसमोर! झाड काय, तोशी काय... तोशी तरी होता का रे?"

"होता."

"पुरे! तुझ्या थापेपायी माझ्या पोराचं आयुष्य नाही मातीत घालणार मी."

तिनं तिथंच डोंगरावरच्या शाळेला फोन लावला. पलीकडच्या बाईंना कमरेत वाकून सांगितलं, हो, आमचं नक्की, रित्सु तुमच्याकडेच येईल. कात्सुयानं अडवलं नाही. फोन ठेवल्यावर त्यानं फक्त मान हलवली आणि वर गेला.

ती मागून वर्गात शिरली तेव्हा पोरं मोठ्यानं धडा वाचत होती. मागच्या बाकावर कुस्ती चालू होती. रित्सु खिडकीपाशी बापाचा हात ओढत होता.

"बाबा, सांग ना. तू कुठं बसायचास?"

कात्सुया त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. वर्गातल्या बाकांकडे त्यानं पाहिलंच नाही. त्यानं काचेवर बोट टेकवलं. कापराच्या झाडापलीकडे शाळेची भिंत होती, भिंतीपलीकडे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे जुन्या भाड्याच्या खोल्यांचं लाकडी घर. बोट त्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खिडकीवर थांबलं.

"तिथं," तो हळूच म्हणाला. "पडद्याच्या फटीशी. आई बाहेरून कुलूप लावून कामाला गेली की मग अजिबात आवाज करायचा नाही."