दुपारचे वाचक

दीड वाजून गेला तरी कॉलेजच्या वाचनालयात चिटपाखरू नव्हतं. ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खुर्च्या रिकाम्याच.

एरवी मधल्या सुट्टीत इथं पाय ठेवायला जागा नसे. दीडशे मुलं, माना खाली, कुणी हूं की चूं करायचं नाही. बाईंना त्याचा कोण अभिमान! बाकीच्या कॉलेजांत मुलं सुट्टी झाली की कँटीनकडे पळतात, आमची पुस्तकांकडे येतात, असं त्या भेटेल त्याला ऐकवत. गेल्या वर्षी सरकारी खात्यानं पत्र पाठवून विचारलं, तुमच्याकडे दुपारी उपाशी राहणारे विद्यार्थी किती? प्राचार्यांनी ते पत्र बाईंकडे ढकललं. बाईंनी झोकात उत्तर लिहिलं, ‘आमची मुलं सुट्टीत जेवण विसरून वाचत बसतात,’ आणि पुरावा म्हणून वाचनालयाची हजेरी जोडून दिली.

“कुठं गेली सगळी?” त्यांनी शिपायाला विचारलं.

“जेवायला.”

“सगळी कशी जातील?”

“पायांनी,” शिपाई म्हणाला. “आजपासून सगळ्यांना जेवण आहे ना, मॅडम. अर्ज नको, उत्पन्नाचा दाखला नको. आठ दिवस चालवून बघणार आहेत म्हणे.”

बाई तरातरा निघाल्या. फुकटचं दिसलं की पुस्तक विसरणाऱ्यांना चार शब्द सुनवायचेच, असं त्यांनी जिन्यातच ठरवलं होतं. भोजनगृहाच्या दारात मात्र त्यांचे पाय थांबले.

त्यांना गलका अपेक्षित होता, आणि आत आवाजच नव्हता. लांबच लांब टेबलांवर त्यांचेच वाचक बसले होते. खिडकीजवळचा तो उंच मुलगा, शब्दकोशावर डोकं टेकणारा, रोज तेच मासिक घेऊन बसणाऱ्या त्या दोघी बहिणी. माना तशाच खाली घातलेल्या. फक्त हात चालत होते. भाताची वाफ तोंडावर येत होती आणि कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. एवढी माणसं इतकं मन लावून काही करताना बाईंनी जन्मात पाहिली नव्हती.

कडेच्या बाकावर ‘उत्कृष्ट वाचक’ म्हणून बाईंनीच यंदा जिला बक्षीस दिलं होतं ती मुलगी होती. बाईंना बघून ती घास हातात धरून उठायला लागली.

“बस, बस. जेव तू.” बाई तिच्या शेजारी टेकल्या. “पुस्तक नाही आणलंस?”

“दुपारचं मला वाचता येत नाही, मॅडम. अक्षरं हलतात.”

“अगं, मग रोज येऊन बसतेस ती कशाला?”

मुलीनं घास गिळला. “तिथं खायला बंदी आहे ना. कुणीच खात नाही. मग तू का खात नाहीस, असं कुणी विचारत नाही.”

बाईंनी टेबलांवरून नजर फिरवली. लाज तर वाटलीच. पण त्याहून जास्त नवल वाटलं. दीडशे मुलांनी आपापली वाचनालयाची तीच एक जागा शोधून काढली होती. मांडीला मांडी लावून बसली होती, आणि शेजारच्यालाही पत्ता लागू दिला नव्हता.

“बरं झालं, बाई, तुम्हीच आलात.” वाढपाच्या टेबलापाशी खात्याचा अधिकारी फाईल घेऊन उभा होता, तो जवळ आला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. “तुमचं गेल्या वर्षीचं पत्र आहे माझ्याकडे. मागे अर्ज मागवले तर या कॉलेजातून आले चार. आणि आज बघा. फुकट म्हटल्यावर कुणीही येणार हो. मला वर उत्तर द्यायचंय. तुम्ही या मुलांना रोज बघता. खरी गरजू कोण, तेवढी नावं लिहून द्या. तेवढ्यांचं कायम करून टाकतो, बाकीच्यांचं बंद.”

त्यानं कोरा कागद आणि पेन पुढं केलं. शेजारच्या मुलीचा हात ताटातच थांबला. पलीकडचेही दोघे-तिघे थांबले. मान कुणी वर केली नाही.

बाईंनी कागद घेतला नाही.

“साहेब, बावीस वर्षं अशी मुलं रोज दुपारी माझ्यासमोर उपाशी बसली,” त्या म्हणाल्या, “आणि मी त्यांना बक्षिसं दिली. निवडायचं काम मला सांगू नका. कुणालाच सांगू नका.”