अकरा पॉइंट दोन

"काशीराम सकपाळ, अकरा पॉइंट दोन," सारिका सिस्टरनं रिपोर्ट वाचला आणि पोलादपूरच्या दवाखान्यातल्या बाकावरच्या सगळ्या माना वळल्या.

काशीराम एसटीचा ड्रायव्हर. सव्वीस वर्षं आंबेनळी घाटात गाडी चालवली, पण पत्र्यावर ओरखडा नाही. हे तो कधी सांगत नसे. त्याची बायको मंजुळा सांगायची, आणि कुणी विचारायची वाट बघायची नाही. आजही शेजारच्या बाईला सांगून झालं होतं.

"काहीतरी चुकलंय, सिस्टर," काशीराम म्हणाला. "चार वर्षं झाली शुगर निघून. एक गोळी चुकवली नाय. गणपतीत मोदकाला हात लावला नाय!"

"काका, ही तीन महिन्यांची साखर. दोन दिवस पथ्य करून ती लपत नाही. इतकी राहिली की डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक शिरा झिरपायला लागतात, आणि माणसाला पत्ताही लागत नाही. आठाच्या वर ज्यांची, त्यांचे डोळे आजच बघायचे."

डोळे गेले की स्टिअरिंग गेलं. निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. काशीरामाचं तोंड एवढंसं झालं.

"काकू, तुमची मात्र पाच पॉइंट सहा. झकास!"

मंजुळेनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तिला आजवर सर्दीखेरीज काही झालं नव्हतं. मागच्या सोमवारी ती नवऱ्याच्या सोबतीला म्हणून आली आणि सिस्टरनं तिचंही रक्त घेतलं. त्या दिवशी ही झुंबड! नाव कोण विचारतो? हातातल्या चिठ्ठीचा नंबर नळीवर चिकटवायचा की पुढचा. काशीराम कागद हरवण्यात पटाईत, म्हणून दोघांच्या चिठ्ठ्या मंजुळेनंच पदराच्या गाठीत ठेवल्या होत्या.

डॉक्टर मॅडमनी काशीरामाच्या डोळ्यांत थेंब टाकले. अर्ध्या तासानं मशीनवर पडद्याचे फोटो काढले. एकदा बघितले, पुन्हा बघितले.

"काका, एक ठिपका नाही. अकराच्या साखरेत इतका स्वच्छ पडदा मी तरी पाहिला नाही!"

"घाटातले डोळे हायत, मॅडम!" काशीरामाची छाती फुगली. बाकावर हशा पिकला, कुणी टाळी दिली. "बघितलंस गो?"

मंजुळेचा ऊर भरून आला. असा नवरा पंचक्रोशीत दाखवा म्हणावं! तिनं डोळे पुसले, उठली आणि मशीनसमोरच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.

"काकू, तुमचं काही काम नाही," मॅडम हसून म्हणाल्या.

"हाय. माझ्या डोळ्यांत थेंब टाका. साखर जास्त निघाली तर ह्यांच्या हातची गाडी जाईल या भीतीनं त्या दिवशी चिठ्ठ्या मीच बदलल्या. ते अकरा माझे हायत."