नाल्याचा जामीन

मुलांनो, अशी कल्पना करा की टेकडीवर घरं बांधायची परवानगी हवी, तर जामीन म्हणून पैसे चालत नाहीत; आपली सर्वांत लाडकी आठवण लिहून द्यावी लागते. पावसाच्या पाण्यासाठी नाला बांधला की ती सुटते. नाही बांधला, तर कचेरीतलं यंत्र ती डोक्यातून पुसून टाकतं.

शाल्मलीच्या बाबांनी लेकीचीच आठवण लिहून दिली होती. "नाला काय, बांधू की सावकाश," असं ते हसत म्हणायचे. घरं विकली गेली, नाला तसाच राहिला आणि खालच्या वस्तीत पाणी शिरलं.

आज ते कचेरीतून बाहेर आले, तेव्हा शाल्मली दारातच उभी होती.

"काय गं पोरी, कोणाची तू? हरवलीस का?"

"मी नाही हरवले, काका," ती म्हणाली आणि त्यांचा हात धरून त्यांना घरी घेऊन निघाली.